हातसडी

मराठीत ‘सडणे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. एक सडणे म्हणजे कुजणे. दुसरं सडणे म्हणजे धान्य उखळात घालून मुसळाने कांडणे, त्याचं तूस आणि थोडा कोंडा काढणे. हा दुसरा अर्थ आता इतका विरळ झालाय, की अमेरिकेत वाढलेल्या माझ्या भाच्याने ‘हातसडीचा तांदूळ’ हे शब्द वाचून "मावशी, हा मुद्दाम सडवलाय का?" असं अगदी गंभीरपणे विचारलं होतं. (वाचत असशील तर रागावू नकोस रे, प्रश्न फार गोड होता.)

पूर्वी या शब्दालाही पायऱ्या होत्या. एकदा कांडला तो एकसडी, दोनदा कांडला तो दुसडी, तीनदा कांडला तो तिसडी. जितक्या सडी जास्त तितका तांदूळ पांढरा, आणि जितका पांढरा तितका मानाचा. घरच्या माणसांना एकसडी चालायचा. पाहुण्यांना आणि देवाला मात्र पांढराशुभ्र लागे. म्हणजे पांढऱ्या तांदळाचं वेड गिरणीने आणलं असं जे म्हणतात ते अर्धंच खरं. वेड आधीपासून होतं, पण ते पुरवायला दंडात ताकद लागायची, म्हणून ते आपोआप आटोक्यात राहायचं. गिरणीने फक्त ही अडचण दूर केली.

हल्ली ‘होल फूड’, ‘माइंडफुल ईटिंग’, ‘होलिस्टिक वेलनेस’ हे शब्द इतक्या वेळा कानावर पडतात की मला त्यांच्या मुळाशी जावंसं वाटलं. अख्खं धान्य खाल्ल्याने तब्येत चांगली राहते हे माणसाला नेमकं कधी कळलं? उत्तर शोधत गेले ते थेट जावा बेटावर पोचले, तेही कोंबड्यांच्या खुराड्यात!

गोष्ट १८८९-९०ची. जावा तेव्हा डचांच्या ताब्यात होतं. तिथे सैनिकांमध्ये आणि कैद्यांमध्ये बेरीबेरी नावाच्या आजाराने थैमान घातलं होतं. पायातली शक्ती जायची, अंगावर सूज यायची, हृदय थकायचं आणि माणूस जायचा. हा काळ जंतूंच्या शोधाचा, तेव्हा यामागेही जंतूच असणार असं सगळे धरून चालले होते. ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बटाव्हियाच्या (आजच्या जकार्ताच्या) लष्करी इस्पितळाजवळच्या प्रयोगशाळेत तो जंतू शोधत होता. प्रयोगासाठी कोंबड्या पाळल्या होत्या. एके दिवशी कोंबड्या लंगडायला लागल्या. टोचलेल्या आणि न टोचलेल्या, सगळ्याच. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या.

चौकशी केल्यावर कळलं ते असं. कोंबड्या सांभाळणारा माणूस खर्च वाचवायला त्यांना इस्पितळातल्या स्वैपाकघरातला उरलेला भात घालत होता, पॉलिश केलेल्या उंची तांदळाचा. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत हे चाललं. मग स्वैपाकी बदलला. नव्या स्वैपाक्याने सांगितलं, लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना मिळणार नाही. (सरकारी खात्याच्या या करारीपणामुळे विज्ञानाची एवढी मोठी सेवा दुसरीकडे कुठे झाली नसेल.) कोंबड्यांना पुन्हा साधा, कोंड्यासकटचा तांदूळ मिळायला लागला आणि त्या टुणटुणीत झाल्या.

पुढे अडॉल्फ फोर्डरमन या अधिकाऱ्याने जावामधल्या शंभरएक तुरुंगांची पाहणी केली. जिथे पॉलिशचा तांदूळ, तिथे बेरीबेरी. जिथे कोंड्यासकटचा, तिथे जवळजवळ नाहीच. तरी आइकमनला वाटत होतं की तांदळाच्या पांढऱ्या भागात काही विष आहे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. १९०१ साली त्याचा सहकारी गेरिट ग्रिन्स याने ते उलटवलं. विष वगैरे काही नाही, कोंड्यात असं काहीतरी आहे जे शरीराला हवं असतं आणि ते काढून टाकलं की माणूस आजारी पडतो. १९१२ मध्ये कासिमिर फुंकने अशा पदार्थांना ‘व्हिटामिन’ हे नाव दिलं. १९२६ मध्ये त्याच बटाव्हियात तांदळाच्या कोंड्यातून ते वेगळं काढण्यात आलं, आज आपण त्याला बी-१ किंवा थायमिन म्हणतो. १९२९ मध्ये आइकमनला नोबेल मिळालं. कोंबड्यांना आणि स्वैपाक्याला काही मिळाल्याची नोंद नाही.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? तोपर्यंत आजार म्हणजे शरीरात काहीतरी घुसणं. इथे पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे दिसलं की आजार म्हणजे काहीतरी नसणंही असू शकतं. आणि ते ‘नसणं’ माणसाने पैसे देऊन, यंत्र लावून, हौसेने विकत घेतलेलं होतं.

आता आपल्याकडे येऊ. नीलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन नावाचा इंग्रजांच्या वैद्यकीय सेवेतला डॉक्टर १९२०च्या दशकात आहारावर संशोधन करत होता. (त्याने उभी केलेली प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली, तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था.) त्याने उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका समाजाचं जेवण द्यायला सुरुवात केली. शीख उंदीर, पठाण उंदीर, मराठा उंदीर, गुरखा उंदीर, कानडी, बंगाली आणि मद्रासी उंदीर! निकालही याच क्रमाने लागला. अख्ख्या गव्हाच्या चपात्या, दूध, लोणी, डाळ, कच्ची भाजी आणि कधीमधी मटण खाणारे शीख उंदीर सगळ्यात धष्टपुष्ट, आणि गिरणीच्या तांदळावर जगणारे मद्रासी उंदीर सगळ्यात किरकोळ. आपण तिसरे आलो. (आमच्या घरातल्या काही मंडळींना हे वाचून उगाचच अभिमान वाटेल, म्हणून सांगते, परीक्षा उंदरांनी दिली होती.)

या क्रमवारीत इंग्रजांचं ‘लढाऊ जाती’चं वेड डोकावतं हे मान्यच करायला हवं. अख्ख्या प्रांताला एक ताट ठरवून दिलं की प्रयोग सोपा होतो, खरी माणसं इतकी एकसारखी जेवत नाहीत. पण मॅकॅरिसनने एक गोष्ट प्रामाणिकपणे केली. एका गटाला त्याने गरीब इंग्रजांचं जेवण दिलं. पांढरा पाव, मार्गरीन, साखरेचा चहा, उकडलेली भाजी, डब्यातलं मांस. ते उंदीर वाढले तर नाहीतच, चिडके झाले, साठाव्या दिवसाच्या सुमारास त्यांनी आपल्यातल्या अशक्त उंदरांना मारून खायला सुरुवात केली. साहेबाच्या ताटाबद्दल साहेबानेच दिलेला हा निकाल.

याच मॅकॅरिसनने बेरीबेरी हिंदुस्थानात कुठे आहे हेही तपासलं. तो प्रामुख्याने आंध्रच्या किनारपट्टीत, तेव्हाच्या उत्तर सरकार भागात होता, जिथे लोक न उकडलेल्या भाताचा गिरणीवर पॉलिश केलेला तांदूळ खात होते. मग भातखाऊ कोकण आणि गोवा कसे सुटले?

उत्तर आमच्या आजीच्या परड्यात होतं. उकडे तांदूळ! भात (म्हणजे साळ, शिजलेला भात नव्हे, घाटावरच्यांसाठी खुलासा) पाण्यात भिजत घालायचं, मोठ्या तपेल्यात अर्धकच्चं उकडायचं, खळ्यात उन्हात वाळवायचं आणि मग कांडायचं. उकडताना होतं काय, की कोंड्यातलं बी-१ पाण्यात विरघळून दाण्याच्या आत मुरतं. नंतर वरचा कोंडा थोडा जास्त निघाला तरी आतलं राहतं. हे रसायनशास्त्र कोणाला ठाऊक नव्हतं. उकडलेलं भात कांडताना कमी मोडतं आणि तांदूळ जास्त टिकतो, एवढं मात्र प्रत्येक बाईला माहीत होतं. दुपारची जाड, लालसर दाण्यांची पेज, वर मीठ, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा आंब्याचं लोणचं... हे गरिबाचं जेवण समजलं जायचं. सणाला, नैवेद्याला, जावयाला सुरय तांदूळ. आज पुण्यातल्या आहारतज्ज्ञ ज्या पेजेचं कौतुक करतात ती आमच्या आईने शाळेतल्या मैत्रिणींपासून लपवून ठेवलेली गोष्ट होती.

आता यात गांधीजी कुठून आले? ते आले लंडनहून! १८८८ ते १८९१ ते तिथे बॅरिस्टर व्हायला होते आणि शाकाहारी मंडळात रमले होते. त्या मंडळात डॉ. ॲलिन्सन म्हणून एक वल्ली होते. न चाळलेल्या गव्हाचा पाव खा, मोकळी हवा घ्या, औषधं टाळा, असा त्यांचा प्रचार. १८९२ मध्ये त्यांचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकण्यात आलं. म्हणजे ज्याला आपण ‘आपलं जुनं ते सोनं’ म्हणून मिरवतो, तो कोंड्यासकटच्या पिठाचा आग्रह गांधीजींना निदान थोडाफार परदेशी चळवळीतूनच मिळाला.

पुढे जोहान्सबर्गला असताना त्यांनी सात पौंडांना एक हातचक्की घेतली. लोखंडी चाकाची. आत्मकथेत त्यांनी लिहिलंय की ती एकट्याला जड जायची, दोघांना सोपी. दळायला कोण? स्वतः गांधीजी, त्यांचे मित्र पोलाक आणि मुलं. कस्तुरबा अधूनमधून हात लावत, पण तीच त्यांची स्वैपाकाला लागायची वेळ असे. मी हा भाग दोनदा वाचला. कोंड्याचं पीठ चांगलं असं घरातल्या पुरुषाने ठरवणं आणि मग ते स्वतः दळायला बसणं, अशी उदाहरणं माझ्या माहितीत तरी फार नाहीत. (आमच्या ‘यांना’ हे मुद्दाम वाचून दाखवलं. हं, म्हणाले.)

१९३४च्या ऑक्टोबरात काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनात ग्रामोद्योग संघ काढायचं ठरलं आणि डिसेंबरात तो वर्ध्याला सुरू झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि बंगला दिला, त्याचं नाव मगनवाडी. १९३५च्या सुरुवातीपासून १९३६च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे शेगावला (पुढचं सेवाग्राम) राहायला जाईपर्यंत, गांधीजींचा मुक्काम तिथे होता. हातसडीचा तांदूळ, हातदळणीचं पीठ, गूळ, घाण्याचं तेल, मध, हातकागद ही संघाची कामं. ‘हरिजन’ साप्ताहिकात अंक काढून बघा, स्वातंत्र्याच्या लढाईच्या ऐन मध्यावर हा माणूस तांदळाचा कोंडा, गूळ आणि पालेभाज्यांवर डॉक्टरांची मतं छापतोय! मगनवाडीच्या स्वैपाकघरात तर प्रयोगांची रेलचेल होती. सोयाबीन उकडून, कडुनिंबाचा पाला वाटून, चिंच, कच्च्या भाज्या... पाहुण्यांचे हाल काय झाले असतील देव जाणे. त्याआधी १९२९ मध्ये साबरमतीला न शिजवलेलं अन्न खायचा प्रयोग त्यांनी केला होता आणि पोट बिघडल्यावर तो सोडूनही दिला होता. चुकलं की तसं छापून मोकळं व्हायचं, ही त्यांची पद्धत मला आवडते.

जेवताना लक्ष देण्याबद्दल म्हणाल तर गांधीजी त्यात कोणाला हार जाणारे नव्हते. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतलं, दिवसभरात पाचपेक्षा जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर खायचं नाही. पाच म्हणजे मीठमसालाही धरून मोजायचे. असं मोजत जेवणारा माणूस बेसावधपणे एक घासही घेऊ शकत नाही. पण एक फरक आहे. आजचं ‘माइंडफुल ईटिंग’ सांगतं की चव घ्या, घासाघासाचा आस्वाद घ्या. आश्रमाच्या व्रतांत ‘अस्वाद’ होता! म्हणजे जेवताना लक्ष पूर्ण, पण चवीसाठी जेवायचं नाही, शरीराला औषध घालावं तसं घालायचं. शब्दशः उलटी दिशा. मला स्वतःला अस्वाद पटत नाही. तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या कढीपुढे मी व्रती राहू शकत नाही आणि राहायचंही नाही.

(आणखी एक. हातसडीच्या तांदळात खडा, तूस, एखादं न सोललेलं भात हमखास सापडायचं. सावकाश चावून जेवणं हे आमच्या लहानपणी दात वाचवण्यासाठी होतं.)

वर्ध्यात खरा विचार केला तो जे. सी. कुमारप्पांनी. मूळचे तंजावरचे, लंडनला शिकलेले चार्टर्ड अकाउंटंट, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र केलेले. ग्रामोद्योग संघाचे ते चिटणीस. हिशेबनीस माणूस असल्यामुळे त्यांनी तांदळाचा ताळेबंदच मांडला असं म्हणायला हरकत नाही. गिरणी कोंडा काढते तेव्हा खाणाऱ्याचं पोषण जातं, कांडणाऱ्याची मजुरी जाते, आणि दोन्ही मिळून गिरणीवाल्याच्या खात्यात जमा होतं.

यात टिकण्याचा मुद्दा कळीचा आहे. कोंड्यात तेल असतं. न उकडलेला तांदूळ कांडला की ते तेल हवेला उघडं पडतं आणि थोड्याच दिवसांत खवट होतं, किडे होतात. पांढरा तांदूळ मात्र गोदामात पडून राहू शकतो, आगगाडीने मुंबईला जाऊ शकतो, भाव वाढायची वाट बघत थांबू शकतो. म्हणजे कोंडा काढल्याने खाणाऱ्याचा फायदा नाही, व्यापाऱ्याचा आहे. हातसडीचा तांदूळ गावात कांडून आठवड्याभरात गावातच खाल्ला तरच शहाणपणाचा. वर्धेकरांना तब्येत आणि गाव या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नव्हत्या त्या यामुळे.

आणि मजुरी! १९३४च्या ऑक्टोबरातच गांधीजींनी लिहिलं होतं की गावोगाव पूर्वीसारखा तांदूळ कांडला तर कांडणाऱ्या बहिणींच्या हातात पैसा पडेल आणि खाणाऱ्यांना नुसत्या स्टार्चऐवजी थोडं तरी सत्त्व मिळेल. आधी बहिणींचा पैसा, मग खाणाऱ्याचं सत्त्व, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मराठीत एक वाक्य आपण किती सहज वाचतो, ‘विधवा आईने दळण-कांडण करून मुलाला शिकवलं’. निम्म्या चरित्रांचं पहिलं पान हेच असतं. दळण-कांडण हा घरातला कष्ट होता तसा तो निराधार बाईचा शेवटचा रोजगारही होता. गिरणी आली तेव्हा तो गेला. त्या बायकांनी पुढे काय केलं हे कुठल्याच चरित्रात नाही.

हे सगळं वाचून मी भारावून गेले होते, त्या भरात गावी गेले आणि मोठ्या आत्याला सांगायला बसले. आत्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. तिने ऐकून घेतलं, पान लावता लावता म्हणाली, "पयली आमी तीनाक उठू. गिरण इली नि पाच वाजासर निजाक गावला. तुज्या गांधीबाबाक सांग."

त्यावर मला बोलता आलं नाही. घरात तेरा माणसं, पायलीभर तांदूळ रोजचा. व्हायनावर दोघी-तिघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ टाकायच्या. बाळंतीण सव्वा महिना सोडली तर कोणाला सुटका नाही. आत्याचा उजवा खांदा कानापर्यंत कधीच वर जात नसे. तिच्या बाबतीत अख्ख्या धान्याची किंमत ही तिच्या दोन तासांच्या झोपेची किंमत होती. आणि तिला मजुरी कोण देणार होतं? सासरघरचं काम ते.

हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आपण त्यांना लोकसाहित्य म्हणतो, सुंदर आहेतच. पण त्या एवढ्या प्रचंड संख्येने का आहेत याचा विचार केला की छातीत धस्स होतं. पहाटेच्या अंधारात तासन्‌तास दगड फिरवायचा तर दुसरं करणार काय?

म्हणून पुढे जे झालं त्याचं मला नवल वाटत नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारने प्रयत्न केले. १९५५च्या कर्वे समितीने (अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे) ग्रामोद्योगांना संरक्षण द्यायला सांगितलं, १९५८ मध्ये भात गिरण्यांवर परवान्याचं बंधन घालणारा कायदा झाला, त्यामागे हातसडीचा रोजगार वाचवणं हाही हेतू होता. पण गावोगाव डिझेलचे हलर पुकपुकत आलेच. बायकांनी डोक्यावर भाताची टोपली घेऊन रांगा लावल्या. १९९७ मध्ये तो कायदा रद्द झाला तेव्हा वाचवायला फारसं काही उरलंच नव्हतं.

हलर हे यंत्र मात्र अगदीच अडाणी. ते तूस आणि कोंडा एकाच दणक्यात काढतं, वर निम्मे दाणे मोडून कणी करतं. रबरी रोलरची यंत्रं आली तेव्हा फक्त तूस अलगद काढणं शक्य झालं. म्हणजे आत्याची झोपही शाबूत आणि कोंडाही शाबूत, असं आता करता येतं. आज दुकानात ‘हातसडी’ किंवा ‘ब्राउन राइस’ म्हणून मिळतो तो बहुतेक असाच, हात न लागलेला. मला त्यात फसवणूक वाटत नाही. उलट बरं वाटतं. शब्द तेवढा खोटा आहे, तांदूळ खरा.

पण गंमत बघा. यंत्र असूनही देश पांढराच तांदूळ खातो, कारण टिकण्याचं गणित बदललेलं नाही आणि मानाचंही नाही. १५ ऑगस्ट २०२१ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की सरकारी योजनांमधला तांदूळ पोषणयुक्त करून दिला जाईल. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून दाण्याच्या आकाराचे दाणे पाडायचे आणि ते तांदळात कालवायचे. (बी-१२ तांदळात मुळात नसतं आणि कोंड्यातलं लोह अंगी लागतं कमीच, तेव्हा कोंडा ठेवला असता तर हे लागलंच नसतं असं म्हणणं बरोबर नाही.) तरीही, आधी यंत्राने काढायचं आणि मग दुसऱ्या यंत्राने घालायचं, हे पाहून कुमारप्पांमधल्या हिशेबनिसाने कपाळाला हात लावला असता.

माझी स्वतःची साखर गेली चार वर्षं काठावर आहे. डॉक्टरांनी पांढरा भात कमी करायला सांगितलं, म्हणून मी परत उकड्या तांदळाकडे आले. सिंधुदुर्गातल्या बायकांचा एक बचत गट आहे, त्यांच्याकडून वर्षाचे मागवते. त्या भात अजून तपेल्यातच उकडतात, कांडायला मात्र गिरणीत नेतात. मी फोनवर विचारलं, व्हायनावर कांडत नाही का कोणी? पलीकडून खूप हसण्याचा आवाज आला, मागे आणखी दोघीतिघी असाव्यात. मग भाव सांगितला. बाजारातल्या कोलमपेक्षा चांगलाच जास्त होता. मी घासाघीस केली नाही. पैसे गटाच्या खात्यात जातात आणि तिथून उकडणारीच्या, वाळवणारीच्या आणि निवडणारीच्या हातात जातात, असं त्यांच्या अध्यक्षबाईंनी सांगितलं. उकडायचा दर वेगळा, निवडायचा वेगळा. वही ठेवतात.

शिजायला दुप्पट वेळ लागतो एवढंच. रात्री भिजत घातले तर कुकरला बऱ्यापैकी लवकर होतात. पेज करायची असेल तर कुकर नको, जाड बुडाच्या पातेल्यात भरपूर पाणी घालून मंद आचेवर ठेवा आणि मीठ शेवटी घाला.

वर्ध्याच्या घाण्याची गोष्ट राहिलीच. तिथे सुधारलेला बैलघाणा आणि आज पुण्यात गल्लोगल्ली उघडलेली ‘लाकडी घाणा’ची दुकानं, हा वेगळाच विषय आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.